खण सतराशे तीन

मी सांगतोय त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसवूच नका. मी स्वतः तिथं होतो तरी माझा अजून धड बसलेला नाही. पण वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली असताना, मी एक वेब सर्व्हिस तयार केली, तिच्याशी बोलणारा एक कन्सोल क्लायंट तयार केला, आणि त्या दोघांनी मिळून एका अख्ख्या कंपनीची बोलती बंद केली, ही गोष्ट खरी आहे. निदान बरीचशी.

परवा इस्त्रीच्या दुकानातल्या बाकावर बसून मी हे सांगायला सुरुवात केली तेव्हा इस्त्रीवाल्यानं हातातली इस्त्री उभी करून बाजूला ठेवली. माझं बोलणं सुरू झालं की तो ही काळजी घेतो. मागे एकदा माझ्या गोष्टीपायी एका वकिलाचा शर्ट गेला होता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला शाळेतून निवृत्त झालेल्या बाई बसल्या होत्या, पडद्यांची वाट बघत.

"वेब सर्व्हिस म्हणजे काय, हे तरी ठाऊक आहे का तुम्हाला?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. शाळा सुटली तरी नजर सुटलेली नाही.

"मला नाही तर कुणाला असणार, बाई? चाळीस वर्षं मी स्वतःच ती होतो."

घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. सहाला माझी भाची तिचे कपडे न्यायला येणार होती. भाची गुणाची आहे, पण तिला तपशिलाचा फार सोस. तिच्यादेखत गोष्ट सांगायची म्हणजे दातांच्या डॉक्टरसमोर गोळ्या चघळायच्या. तेव्हा चाळीस मिनिटांत सगळं उरकायला हवं होतं. मी लगेच कामाला लागलो.

आमची कंपनी लिफ्टची दुरुस्ती करते. नव्या लिफ्ट कुणीही दुरुस्त करेल. आमच्याकडे येतात त्या जुन्या, ज्यांचे कारखाने कधीच बंद पडले. त्यांचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. ते आमच्या हेड ऑफिसच्या तळघरात मिळतात. तिथं चार भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण आहेत, एकूण चार हजार दोनशे बारा. एकाही खणावर चिठ्ठी नाही.

"का नाही?" इस्त्रीवाल्यानं विचारलं.

"चिठ्ठी लावली असती तर माझी गरज कुणाला राहिली असती?"

"हे मात्र खरं वाटतं," बाई म्हणाल्या.

खणांचा क्रम माझ्या डोक्यात होता. आणि आमच्या मेकॅनिक मंडळींनी प्रत्येक भागाला नाव ठेवलेलं. कॅटलॉगमधलं लांबलचक नाव कुणाच्या तोंडात बसत नाही. कुणी वैतागून 'सासू' म्हणायचा ती कुरकुरणारी पुली. 'जावई' म्हणजे नुसता बसून राहणारा, काही काम न करणारा वॉशर. आणि 'बेडूक' म्हणजे दाराच्या कुलपात बसणारा हिरवट पितळी जबडा. तो तुटला की लिफ्ट जागच्या जागी थांबते आणि डब्याचं दार आतून उघडत नाही की बाहेरून. हा बेडूक लक्षात ठेवा, पुढे तो उडी मारणार आहे.

स्टोअरला एक खिडकी. बाहेर मेकॅनिक, आत मी. तो विचारणार, मी उत्तर देणार. वेब सर्व्हिस म्हणजे दुसरं काही नाही हो. एक खिडकी, आत सगळं ठाऊक असलेला कुणीतरी, आणि बाहेरून कुणीही येऊन विचारावं. फरक इतकाच की ही खिडकी तारेतून दिसते आणि आतला माणूस चहाला जात नाही.

पण माझ्या खिडकीची एक रीत होती. मेकॅनिक आला, "बेडूक आहे का?" म्हणाला, की मी म्हणायचो, "नाही." असला तरी नाही. कारण मेकॅनिक ही जात साठेबाज. गरज नसताना चार बेडूक खिशात घालून फिरणार आणि घरी खिळ्यांच्या डब्यात टाकणार. ज्याला उगाच हवा असायचा तो "बरं" म्हणून निघून जायचा. ज्याची लिफ्ट खरंच अडकलेली असायची तो तिथंच उभा राहून पुन्हा विचारायचा. पुन्हा विचारलं की मी उठून खण उघडायचो. चाळीस वर्षं हेच. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा हो. मेकॅनिकांना त्याची इतकी सवय की एकानं म्हणे लग्नाची मागणीही एका दमात दोनदा घातली होती.

मग मी निवृत्त झालो आणि खुर्ची भाचीला मिळाली. रीतसर मुलाखत देऊन, बरं का. मी फक्त मुलाखत घेणाऱ्याला चहा पाजला. तिला खुर्ची दिली, किल्ल्या दिल्या, डोकं द्यायचं तेवढं राहून गेलं. तिनं मात्र त्या तळघरात जीव ओतला. कोपऱ्यात स्वतःचा टेबललँप आणला, जाळ्या काढल्या, खिडकीच्या काचेला चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाणी दाखवलं. याआधी दोन ऑफिसांमध्ये ती कुणाच्या तरी हाताखाली होती. ही पहिली जागा तिची स्वतःची.

पण खण बोलेनात. दिवसातून तीस वेळा मला फोन. "मामा, सासू कुठंय?" "मामा, जावई सापडत नाही." मी अंघोळीत असलो की एखादी लिफ्ट अर्धा तास लटकलेली राहायची. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू. हेड ऑफिसमधल्या मोठ्या मॅडमना मात्र आवडेना. त्यांनी एका कंपनीचा माणूस आणला, टाय लावलेला. टायवाल्यानं पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली आणि सांगितलं की हे तळघर भंगारात काढा, आमचं पॅकेज घ्या, भाग कुठं मिळेल ते पॅकेज शोधेल, बाहेरून मागवेल. मॅडमनी भाचीला एक महिना दिला. महिन्यात स्टोअर मामाशिवाय चालतंय असं दाखव, नाहीतर तळघर रिकामं आणि तुझी बदली गेटवर, येणाऱ्याजाणाऱ्याची नावं लिहायला. ऑर्डर टाइप होऊन आली होती, फक्त तारीख घालायची बाकी.

ती रडली नाही. माझ्याकडे आली, चहात तीनदा साखर घातली आणि तो चहा प्यायली. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"मग?" इस्त्रीवाला म्हणाला. एव्हाना त्यानं इस्त्रीचं बटणच बंद केलं होतं.

मग मी बाह्या सरसावल्या. प्रोग्रॅमिंगचं पुस्तक आणलं, इतकं जाड की पहिले दोन दिवस मी त्यावर बसूनच अभ्यास केला. तीन दुपारींत संपवलं. शेवटच्या प्रकरणात दोन चुका सापडल्या, त्या लेखकाला कळवल्या, त्याचं क्षमा मागणारं पत्र आलं.

"पत्र दाखवा," बाई म्हणाल्या.

"उंदरांनी खाल्लं."

"गृहपाठाचंही नेहमी तसंच व्हायचं."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. आता कुणी म्हणेल, पडद्यावर रंगीत चित्रं का नाही काढली? तर मेकॅनिकच्या हातात ग्रीसनं माखलेले मोजे असतात. त्या बोटांनी काचेला हात लावला की काच काही ओळखत नाही, नुसती काळी होते. शिवाय त्यांच्या पिशवीत जे लॅपटॉप आहेत ते इतके म्हातारे की चित्र दाखवायचं म्हटलं की त्यांना धाप लागते. त्यांना हवा काळा पडदा, पांढरी अक्षरं. नाव टाइप करायचं, एंटर दाबायचं, उत्तर वाचायचं. याला म्हणतात कन्सोल. त्यातून जो खिडकीपाशी जाऊन विचारून येतो तो क्लायंट. म्हणजे तुमच्या वतीनं रांगेत उभा राहणारा गडी.

पण खिडकीच्या आत बसवायला माहिती हवी, आणि ती होती माझ्या डोक्यात. एकोणीस दिवस मी आरामखुर्चीत डोळे मिटून बसलो आणि चार हजार दोनशे बारा खण सांगितले. भाची समोर बसून टाइप करत होती. नुसती जागा नाही सांगितली. खणाचा स्वभावही सांगितला. "नऊशे चाळीस, ओढताना वर उचल, नाहीतर तळ हातात येतो." "दोन हजार एकसष्ट, आत झुरळ आहे, जुनं आहे, काही करत नाही." एकदा झोप लागली तर झोपेतही सत्तावीस खण सांगितले. नंतर तपासले, सगळे बरोबर. जागेपणी सांगितलेल्यांत मात्र चार चुकले.

खणांबरोबर मी खिडकीचे नियमही सांगितले. शिल्लक एक राहिली तर आधी कारण विचार. दोघांनी एकच भाग मागितला तर ज्याच्या लिफ्टमध्ये माणूस अडकलाय त्याला दे. आणि नियम पहिला: पहिल्यांदा विचारलं की 'नाही'. भाचीनं तोही टाइप केला. तिच्या मनात एकदाही आलं नाही की हे विचित्र आहे. ती लहानपणी शाळा सुटल्यावर त्याच खिडकीत बसून अभ्यास करायची. खिडकीला पाय जसे नसतात, तसं पहिल्यांदा उत्तर नसतं, एवढंच तिला ठाऊक.

पहिली चाचणी घरात घेतली. सर्व्हिस चालणारा जुना कॉम्प्युटर कपाटावर, क्लायंट स्वयंपाकघरात. मी टाइप केलं, 'बेडूक'. उत्तर आलं, 'नाही'. मी पुन्हा टाइप केलं, 'बेडूक'. उत्तर आलं, 'खण १७०३'. माझ्या अंगावर काटा आला. भिंतीपलीकडे कपाटावर मीच बसलोय आणि मलाच उत्तर देतोय. भाचीनं टाळ्या वाजवल्या. दोन शहाण्या माणसांना त्या 'नाही'त काहीही खटकलं नाही.

आम्ही ते मेकॅनिकांना वापरायला दिलं. जुन्यांनी विचारलं, 'नाही' आलं, पुन्हा विचारलं, खण मिळाला, कामाला लागले. कुणाची काही तक्रार नाही. उलट एक जण म्हणाला, "अगदी तुमच्यासारखंच आहे, काका. फक्त खोकत नाही."

पण गेल्या वर्षी दोन नवे मेकॅनिक भरती झालेत. त्यांनी कधी माझी खिडकी पाहिलेली नाही. त्यांनी विचारलं, 'नाही' आलं, त्यांना ते 'नाही'च वाटलं. त्यांनी तो भाग बाहेरून मागवला. तो यायला दोन दिवस लागले आणि तोवर एका नऊ मजली इमारतीतली सगळी बिऱ्हाडं जिन्यानं चढली-उतरली. आठव्या मजल्यावरच्या एका आजींनी मॅडमच्या घरचा नंबर शोधून काढला आणि जिन्याच्या प्रत्येक टप्प्यावर बसून एकेक फोन केला. सोळा फोन झाले.

महिना संपायला सहा दिवस होते. भाची माझ्या दारात उभी राहिली. आवाज अजिबात चढलेला नव्हता, म्हणून मी खुर्चीतून उठलो.

"मामा, ते 'नाही' मी काढतेय."

"चाळीस वर्षांचा नियम आहे तो."

"चाळीस वर्षं तू माणसाचं तोंड बघून 'नाही' म्हणायचास. या डब्याला तोंडं दिसत नाहीत."

बरोबर होतं तिचं. पण एवढी जुनी रीत अशी एका झटक्यात पुसायची? मी म्हणालो, "खिडकीचं 'नाही' काढ. पण बाहेरच्या गड्याला पुन्हा विचारायची सवय लाव. उत्तर मिळालं तर तो गप्प बसेल. नाही मिळालं तर एकदा आणखी विचारेल. त्यात कुणाचं काय बिघडतं?"

"कशाला पण? आता 'नाही' येणारच नाही."

"मामासाठी."

तिनं सुस्कारा टाकला आणि क्लायंटमध्ये ती एक ओळ घातली. म्हणजे मी घातली. मीच लिहीत होतो ना सगळं.

"भाची टाइप करत होती म्हणालात," बाईंनी आठवण करून दिली.

"टाइप ती करत होती. लिहीत मी होतो. तुम्ही शुद्धलेखन घालता तेव्हा लिहितं कोण?"

घड्याळात पावणेसहा.

परीक्षेचा दिवस उजाडला. हेड ऑफिसच्या चौथ्या मजल्यावर लांब टेबलाचा हॉल. एका बाजूला टायवाला, त्याचा चकचकीत लॅपटॉप, त्याचे दोन मदतनीस. दुसऱ्या बाजूला भाची आणि तिच्या मागे हाताची घडी घालून मी. टेबलाच्या टोकाला मॅडम, समोर पाण्याचा पेला आणि गेटची ऑर्डर. मागे भिंतीला टेकून आमची मेकॅनिक मंडळी. भाचीनं तो निळा ड्रेस घातला होता, इस्त्री तुझ्याच हातची, मी इस्त्रीवाल्याला म्हणालो. ऑर्डरकडे ती एकदाही बघत नव्हती, म्हणजे तिला दुसरं काही दिसत नव्हतं.

मॅडमनी तीन भागांची नावं एका कागदावर लिहून आणली होती. कागद उघडणार तेवढ्यात खालून धाडकन आवाज आला आणि दिवे एकदा मिचकले. शिपाई धावत आला. "मॅडम, आपलीच लिफ्ट अडकली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. आत माणूस आहे."

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीची स्वतःची लिफ्ट. मॅडमचा चेहरा असा झाला की पेल्यातलं पाणीसुद्धा हलायचं थांबलं.

"आत कोण होतं?" इस्त्रीवाल्यानं विचारलं.

"कोणी एक गृहस्थ. वयस्कर. पण देखणे. त्यांना म्हणे कुणीतरी बजावून सांगितलं होतं की ही लिफ्ट आज कुरकुरतेय, जिन्यानं या. पण त्यांना गुडघ्याचा त्रास, शिवाय लिफ्टमधला त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव. ते म्हणाले, मला लिफ्ट शिकवू नका."

"मग?"

"मग काय, अडकले. पण माणूस मोठा धीराचा. आत शांतपणे उभे राहून गाणं गुणगुणत होते. आत एक पिवळा दिवा, तो मधमाशीसारखा आवाज करतो. आरशाच्या डाव्या कोपऱ्याला तडा गेलेला. सहा माणसांची पाटी, त्यातला 'स' कुणीतरी खरवडून काढलेला."

"तुम्ही चौथ्या मजल्यावर होतात ना?" बाई म्हणाल्या.

"ऐकीव माहिती आहे, बाई. मी चौकशी केली नंतर."

आमचा एक मेकॅनिक आहे, सगळे त्याला लांबड्या म्हणतात. वर हात केला तर पंखा थांबवतो. तो परीक्षेसाठी बोलावलेलाच होता. तो तिसऱ्या मजल्याचं दार किल्लीनं उघडून थेट लिफ्टच्या डब्याच्या टपावर उतरला. मांडीवर त्याचा म्हातारा लॅपटॉप, हातात ग्रीसचे मोजे, तोंडात टॉर्च. मॅडमनी त्याला फोन लावून टेबलावर सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"काय गेलंय?" मॅडमनी विचारलं.

टॉर्च तोंडातच असल्यामुळे तो काय म्हणाला ते आधी कळलं नाही. मग टॉर्च काढून म्हणाला, "बेडूक मेला."

टायवाल्यानं मान वर केली. "काय मेलं?"

मॅडमनी हातातला कागद फाडून टाकला. "हीच परीक्षा," त्या म्हणाल्या. "माणूस आत आहे. कुणाचंही चालेल, मला तो भाग हवा आहे. करा सुरू." आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

टायवाल्यानं 'बेडूक' टाइप केलं. त्याच्या पॅकेजनं विचारलं की आपल्याला बागकामाचं सामान हवं आहे का. मदतनीसानं कॅटलॉगमधलं खरं नाव शोधून दिलं. ते टाइप केलं. पडद्यावर एक चाक फिरायला लागलं. हॉलमध्ये चाळीस माणसं आणि चाळीस फोन, नेटवर्क नुसतं हेलकावे खात होतं. चाक फिरलं, फिरलं, थांबलं. मग पॅकेज बंद झालं आणि पुन्हा उघडून पासवर्ड विचारायला लागलं. टायवाल्यानं पासवर्ड घातला. चाक फिरायला लागलं. असं तीन वेळा झालं. टायवाल्याच्या टायची गाठ प्रत्येक वेळी एक बोट खाली सरकत होती.

तिकडे लांबड्यानं डब्याच्या टपावर बसून तीन अक्षरांचा आपला सवाल टाकला. लिफ्टच्या त्या अंधाऱ्या विहिरीत नेटवर्क हॉलपेक्षाही वाईट. तो मोठ्यानं वाचून दाखवत होता, आणि हॉलमध्ये सगळे ऐकत होते.

"'विचारतोय,'" तो म्हणाला.

कुणी हललं नाही.

"'उत्तर आलं नाही.'"

भाचीनं डोळे मिटले. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"'पुन्हा विचारतोय,'" लांबड्या म्हणाला, आणि त्याच्या आवाजात हसू आलं, कारण ही रीत त्याच्या ओळखीची होती. "आलं. ऐका. 'खण १७०३. उजवी भिंत, खालून सातवी रांग. शिल्लक तीन. खण अडकतो, डावीकडे दाबून ओढा. दोन घेऊ नका.'"

ते 'दोन घेऊ नका' ऐकून मागे उभे असलेले सगळे मेकॅनिक हसले. मॅडमसुद्धा हसल्या असत्या, पण त्या मॅडम होत्या.

भाची तोवर दाराबाहेर. चार मजले आणि तळघर, जिन्यानं. दुसऱ्या मजल्यावर ती क्षणभर थांबली म्हणे, का ते देव जाणे. मग पुन्हा पळाली. तळघरात उजवी भिंत, सातवी रांग, डावीकडे दाबून ओढलं. आत तीन बेडूक, कागदात गुंडाळलेले, जसे मी बावीस वर्षांपूर्वी ठेवले तसे. एक घेतला. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढली आणि दारातून लांबड्याच्या हातात ठेवला. लांबड्यानं तो बसवला, टपावर दोनदा ठोकलं आणि डबा सावकाश खाली आला. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं.

घड्याळात अकरा मिनिटं झाली होती. टायवाल्याचं चाक फिरतच होतं.

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. दुसऱ्या मजल्यावर, चौथ्या मजल्यावर, जिन्यात. समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले. वाहतूक थांबली. एका ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला तो अजून वाजतोय म्हणतात. मॅडमनी गेटची ऑर्डर उचलली, तिच्या चार घड्या केल्या आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. ती अजून तिथंच आहे आणि टेबल आता हलत नाही. तळघर राहिलं. खिडकी राहिली. खिडकीवर भाचीच्या नावाची पाटी लागली, पितळी. आज तीनशे मेकॅनिक तो काळा पडदा पिशवीत घेऊन फिरतात आणि गावात एखादी लिफ्ट अडकली तर आतल्या माणसाचं गाणं दुसऱ्या कडव्याला जायच्या आत दार उघडतं. टायवाल्यानं जाताना भाचीला विचारलं, "ते पुन्हा विचारण्याची कल्पना कुणाची?" तिनं माझ्याकडे बोट केलं.

"आणि ते गृहस्थ?" बाईंनी विचारलं. इस्त्री केव्हाच थंड झाली होती, त्यांचे पडदे तसेच पडून होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

"ते ना? शांतपणे बाहेर आले. कोट झटकला. माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, आयुष्यात इतकी सुंदर सर्व्हिस—"

"मामा."

दुकानाच्या दारात भाची उभी होती. हातात पिशवी, दाराच्या चौकटीला टेकलेली, म्हणजे बराच वेळ उभी असणार. मी घड्याळाकडे पाहिलं. सहाला पाच कमी. या मुलीनं आयुष्यात कधी उशीर केला नाही, हीच तिची खोड.

"ये, ये," मी म्हणालो. "संपतच आलंय."

"तू हॉलमध्ये कुठं होतास?"

"तुझ्या मागे. हाताची घडी घालून."

"माझ्या मागे खिडकी होती." तिनं पिशवी बाकावर ठेवली आणि बाईंकडे वळली. "बाई, लिफ्टमध्ये हाच होता. जिन्यानं ये म्हणून मी तीनदा बजावलं होतं. आणि गाणं बिणं काही गुणगुणत नव्हता, याचा आरडाओरडा चौथ्या मजल्यावर ऐकू येत होता. मॅडमनी मला विचारलं, आत किती जण आहेत?"

इस्त्रीवाल्यानं तोंडावर हात धरला.

"मी दुसऱ्या मजल्यावर का थांबले, तेही सांगते," भाची म्हणाली. "हातात मशीनचं उत्तर होतं, पण म्हटलं, ज्यानं खण लावले तो माणूस हा इथं दारापलीकडे उभा आहे, एकदा खात्री करून घ्यावी. मी फटीला तोंड लावलं आणि विचारलं, मामा, बेडूक सतराशे तीनमध्येच ना? सांग यांना, तू आतून काय म्हणालास."

मी चष्म्याच्या दोऱ्याची गाठ तपासली.

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"'नाही' म्हणाला," भाची म्हणाली.